घराची डागडुजी आणि आवाराची निगा: स्वतःच्या हाताने काम सुरू करणाऱ्यांसाठी

जमिनीसह घेतलेल्या जुन्या घरात राहायला गेल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच कामांची लांबलचक यादी तयार होते. नळ ठिबकतो, दार चौकटीला घासते, भिंतीच्या तळाशी रंगाचे पापुद्रे सुटतात, कुंपणाचा खांब कलतो आणि गवत गुडघ्यापर्यंत येते. यांतले एकेक काम सुटे पाहिले तर फारसे अवघड नसते. नवखा माणूस अडतो तो कामांच्या क्रमापाशी.

आम्ही राहायला आलो तेव्हा बैठकीच्या खोलीतल्या एका भिंतीला ओल होती. मी पापुद्रे खरवडले, फुगलेला गिलावा काढून नवा केला, तो वाळू दिला आणि रंगाचे दोन हात दिले. पुढच्याच पावसात त्याच जागी तळहाताएवढा डाग उमटला आणि महिन्याभरात गिलावा पुन्हा फुगला. दोष भिंतीच्या बाहेरच्या अंगाला होता. फुलझाडांच्या वाफ्यातली माती वर्षानुवर्षे भिंतीला लागून साठत गेली होती आणि जमिनीचा उतार घराकडे झाला होता. फावडे आणि घमेले घेऊन दोन दिवस माती उपसल्यानंतर ती भिंत कुठे हळूहळू वाळायला लागली. गिलाव्यावर घालवलेले दिवस आणि साहित्य मात्र वाया गेले. म्हणूनच पुढच्या पायऱ्या पाणी ज्या वाटेने घरात येते त्या वाटेने लावल्या आहेत, आणि रंग सगळ्यांत शेवटी ठेवला आहे.

१. आधी कागदपत्रे आणि घराची वही

पुढील कागद एका फाईलमध्ये एकत्र करा:

– जमिनीची हद्द दाखवणारा नकाशा
– घराचा बांधकाम आराखडा
– पाणी आणि वीज यांच्या जोडणीची कागदपत्रे
– आधीच्या मालकाने केलेल्या दुरुस्त्यांची बिले, असल्यास
– सांडपाण्याच्या टाकीची आणि जमिनीखालच्या नळांची जागा दाखवणारा कोणताही कच्चा आराखडा

शेवटचा कागद बहुधा मिळत नाही. अशा वेळी आधीच्या मालकांना सोबत घेऊन आवारात एक फेरी मारा, ते सांगतील तसतशी खूण करा आणि घराच्या कोपऱ्यांपासून मोजलेली अंतरे वहीत लिहून ठेवा. खड्डा खणताना जमिनीतल्या वीजतारेवर किंवा नळावर कुदळ बसणे हा आवारातल्या कामातला फार मोठा धोका आहे. त्यामुळे वीज, पाणी किंवा गॅस पुरवणाऱ्यांकडून त्यांच्या वाहिन्यांची जागा समजल्याशिवाय खोल खोदकाम करू नका.

पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह, विजेचा मुख्य स्विच आणि गॅस बंद करण्याची कळ या तिन्ही जागा घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हव्यात. व्हॉल्व्ह वर्षातून दोनदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, कारण वर्षानुवर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह नेमका नळ फुटतो त्या दिवशी जाम झालेला आढळतो.

भार पेलणारी भिंत हलवणे, मोठे झाड तोडणे, हद्दीवर कुंपण घालणे आणि नवीन वीजजोडणी घेणे यांसाठी बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते. काम सुरू करण्यापूर्वी स्थानिक कार्यालयात विचारून घ्या.

२. हत्यारे: थोडी, पण चांगली

सुरुवातीला मोजपट्टी, पाणसळ, ओळंबा, हातोडी, स्क्रू-ड्रायव्हरचा संच, पक्कड, फिरता पाना, करवत, पटाशी, छिन्नी, थापी, खरवडण्याची पट्टी, वीज तपासण्याचा टेस्टर आणि भक्कम शिडी एवढ्या हत्यारांत घरातली बहुतेक कामे होतात. आवारासाठी फावडे, कुदळ, पहार, दाताळे, घमेले, विळा आणि फांद्या छाटण्याची कात्री पुरेशी आहे. हातमोजे, डोळ्यांचा चष्मा आणि धुळीचा मुखवटा यांची खरेदी पुढे ढकलू नका. एखादेच काम करणारी महागडी यंत्रे पहिल्या वर्षी भाड्याने आणावीत, कारण कोणते यंत्र खरोखर वारंवार लागते हे वर्षभराच्या कामानंतरच कळते.

३. छप्पर आणि पन्हळी

मुसळधार पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पन्हळीतून पाणी कुठे ओसंडते, कुठे भिंतीवरून ओघळते आणि जमिनीवर कुठे साचते, हे त्या पंधरा मिनिटांत जितके कळते तितके कोरड्या दिवशी तासभर पाहूनही कळत नाही. ही फेरी मी अजूनही दर वर्षी मारते.

पन्हळीतला पालापाचोळा पावसाआधी आणि पानगळीनंतर काढा. पन्हळीला उभ्या नळाकडे दर ३ मीटरला साधारण १ सेंटीमीटर उतार हवा. बादलीभर पाणी ओतून ते मध्येच थांबते का, हे पाहिले की मधल्या कोणत्या आकड्या ढिल्या झाल्या आहेत ते समजते. उभ्या नळाचे तोंड पायाशी सोडू नका. ते पाणी भिंतीपासून किमान दीड-दोन मीटर दूर जाईल अशी सोय करा.

छप्पर गळत असल्यास छताच्या डागाच्या बरोबर वर छिद्र असेलच असे नाही. पाणी वाशांवरून बरेच अंतर वाहत येते आणि जिथे अडते तिथे टपकते, म्हणून आतून विजेरीने वाशावरची ओली रेघ वरच्या दिशेने शोधत जा. पाऊस नसेल तर एकाने आत थांबावे आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने पाणी सोडावे. पाणी सोडताना खालच्या भागापासून सुरुवात करून हळूहळू वर सरका आणि प्रत्येक टप्प्यावर किमान दहा मिनिटे थांबा, नाहीतर वरून ओघळलेले पाणी चुकीची जागा दाखवेल. गळती बहुतेकदा सांध्यांत सापडते: धुराड्याभोवती, भिंत आणि छप्पर मिळतात तिथल्या पत्र्याच्या पट्टीत किंवा पत्र्याच्या स्क्रूखालच्या झिजलेल्या रबरी वायसरमध्ये.

शिडीचे नियम काटेकोर पाळा. टेकण्याची जागा ४ मीटर उंच असेल तर शिडीचा पाय भिंतीपासून १ मीटर दूर हवा, आणि छपरावर उतरायचे असेल तर शिडी कडेच्या वर आणखी १ मीटर गेली पाहिजे. शिडी पन्हळीवर टेकवू नका, ओल्या छपरावर चढू नका आणि एकटे असताना चढूच नका. जुन्या घरांच्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. असे पत्रे कापणे, घासणे किंवा त्यांना छिद्र पाडणे पूर्णपणे टाळा आणि ते काम प्रशिक्षित माणसांवर सोपवा.

४. घराभोवतीच्या जमिनीचा उतार

माझ्या मते ही या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची पायरी आहे, आणि नेमके याच कामाकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण त्याने घर दिसायला काहीच बदलत नाही. घराच्या भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये जमीन किमान १५ सेंटीमीटर खाली उतरली पाहिजे.

हा उतार मोजायला पारदर्शक नळी पुरते. एक खुंटी भिंतीलगत आणि दुसरी तिच्यापासून ३ मीटरवर ठोका. नळीत पाणी भरून आतले बुडबुडे पूर्ण निघून जाऊ द्या, मग नळीचे एक तोंड एका खुंटीला आणि दुसरे दुसऱ्या खुंटीला लावून धरा. पाणी स्थिरावले की दोन्ही खुंट्यांवर पाण्याच्या पातळीची खूण करा. आता प्रत्येक खुणेपासून खालच्या मातीपर्यंतचे अंतर मोजा. दूरच्या खुंटीवरचे अंतर भिंतीजवळच्या अंतरापेक्षा किमान १५ सेंटीमीटर जास्त भरले तर उतार ठीक आहे. आमच्या त्या भिंतीजवळ हाच हिशेब उलटा आला होता. दूरची जमीनच ४ सेंटीमीटर उंच निघाली. नळीत एखादा बुडबुडा राहिला तर माप चुकते, म्हणून दोन्ही तोंडे शेजारी धरून पाणी एका पातळीत येते का ते आधी पाहा.

उतार दुरुस्त करताना भिंतीकडे माती ओढण्यापेक्षा दूरची जमीन खाली घेणे अधिक सुरक्षित आहे. जोत्यात ओल अडवणारा थर असेल तर माती त्याच्या किमान १५ सेंटीमीटर खाली राहिली पाहिजे, आणि जोत्यातली हवेची भोके कधीही बुजवू नयेत. भर घालावीच लागली तर चिकणमाती थराथराने धुम्मसाने ठोकून घाला. वाळूतून पाणी थेट पायाकडे जाते. पायाच्या तळाखाली मात्र खोदू नका.

जागेअभावी उतार देता येत नसेल, तर घरापासून थोड्या अंतरावर चर खणा. त्यात छिद्रे असलेला नळ छिद्रे खालच्या बाजूला ठेवून टाका, त्याला दर मीटरला १ सेंटीमीटर उतार द्या आणि भोवती खडी भरा. गाळ आत जाऊ नये म्हणून खडीला गाळणीचे कापड गुंडाळा. चराचे तोंड शेजाऱ्याच्या जमिनीत उघडणार नाही याची खात्री आधी करून घ्या.

भिंतीलगत वाफे, सरपणाचा ढीग किंवा खताचा खड्डा करू नका. जोत्याचा पट्टा मोकळा असला की वाळवीच्या मातीच्या नळ्या वेळीच दिसतात. तो झाकला गेला तर वाळवी चौकटीपर्यंत पोहोचल्यावरच लक्षात येते.

५. भिंतीतली ओल आणि तडे

ओल बाहेरून येते की घरातल्या दमट हवेची आहे, हे ठरवल्याशिवाय भिंतीला हात लावू नका. साधारण ४० सेंटीमीटर चौरस प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या मागे जमले तर ओल भिंतीतून येते आहे. ते खोलीच्या बाजूला जमले तर खोलीत हवा खेळती ठेवण्याची गरज आहे.

केसासारखे बारीक तडे गिलावा आकसल्याने पडतात आणि ते भरून काढता येतात. इतर तड्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा, रुंदी मोजा आणि काही महिने पाहा. तडा वाढत असेल, ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघाला असेल किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा चढत असेल, तर बांधकाम अभियंत्याला दाखवा. असा तडा बुजवून टाकणे म्हणजे त्याला पाहता येईल असा एकमेव पुरावा झाकणे होय.

जुनी भिंत चुन्यात बांधलेली असेल तर विटांमधले सांधे भरताना चुनाच वापरा. सिमेंट मऊ विटेपेक्षा कडक असते आणि भिंतीतली वाफ बाहेर पडू देत नाही. मग ओल विटेतून निघू लागते आणि विटेचा पृष्ठभाग ढलप्यांनी गळतो. सिमेंटचा नवा गिलावा केलाच तर तो किमान सात दिवस ओला ठेवा.

६. नळ आणि सांडपाणी

सेकंदाला एक थेंब पडणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब सोडतो. एका थेंबात पाव मिलिलिटर पाणी धरले तरी हे २१ लिटरच्या वर जाते. दुरुस्ती बहुतेकदा एका वायसरची असते. व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्या, स्क्रू वाहून जाऊ नये म्हणून मोरीच्या जाळीवर फडके टाका आणि पान्याच्या जबड्याला कापड गुंडाळून नळाचा वरचा भाग सोडवा. जुना वायसर दुकानात सोबत न्या, कारण अंदाजाने आणलेला वायसर सहसा बसत नाही. नवा वायसर बसवूनही गळत असेल तर तो ज्या कड्यावर टेकतो ते कडे बोटाने चाचपून पाहा. त्यावर खाच पडलेली असेल. आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे बसवताना ती सुटत नाही.

लपलेली गळती शोधण्यासाठी रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा आणि पाणी न वापरता दोन तासांनी पुन्हा पाहा. शौचालयाच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाका. वीस मिनिटांत फ्लश न करता भांड्यात रंग दिसला तर टाकीतली रबरी झडप बदला.

सांडपाण्याच्या टाकीत कोणत्याही कारणाने उतरू नका आणि झाकण उघडून आत वाकू नका. तिथल्या विषारी वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. या टाकीवरून गाडी नेऊ नका आणि तिच्याजवळ मोठी झाडे लावू नका.

७. वीज

इथे तुमचे काम दिवे, फ्यूज आणि फार तर एखादा स्विच बदलण्यापर्यंत मर्यादित ठेवा, आणि तेही तुमच्याकडच्या नियमांत बसत असेल तरच. मुख्य स्विच बंद करा आणि तसे लिहिलेली चिठ्ठी त्यावर लावा. टेस्टर आधी चालू जोडणीवर तपासा, मग कामाच्या जागी लावा आणि त्यानंतर पुन्हा चालू जोडणीवर पाहा, कारण बिघडलेला टेस्टर चालू तारही बंद असल्याचे दाखवतो. गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण घरात नसेल, तर परवानाधारक तंत्रज्ञाकडून ते आधी बसवून घ्या. त्याची चाचणीची कळ महिन्यातून एकदा दाबून पाहा.

८. दारे आणि खिडक्या

दार घासते म्हणून लगेच रंधा हातात घेऊ नका. दमट दिवसांत लाकूड फुगते आणि कोरड्या दिवसांत आकसते. फुगलेले असताना रंधलेले दार नंतर फटीसह उरते. आधी बिजागऱ्या पाहा. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की दार कलते आणि खालच्या कोपऱ्यात घासू लागते. छिद्र मोठे झाले असेल तर लाकडाच्या बारीक काड्या सरसात बुडवून त्यात ठोका, सरस सुकला की कड कापून स्क्रू पुन्हा घट्ट करा. एवढ्यावर बहुतेक दारे सरळ होतात. तरीही रंधावे लागले तर घासणारी जागा खडूने निश्चित करा, थोडे थोडे काढा आणि उघड्या पडलेल्या लाकडाला लगेच रंग किंवा वॉर्निश द्या. दाराची वरची आणि खालची कड बहुधा कोरीच राहिलेली असते आणि पाणी तिथूनच शिरते, म्हणून त्याही रंगवा.

९. कुंपण

हद्द मोजून नक्की झाल्याशिवाय एकही खड्डा खणू नका. खांबाच्या एकूण लांबीचा एक तृतीयांश भाग जमिनीत हवा; जमिनीवर दीड मीटर कुंपण हवे असेल तर सव्वादोन मीटरचा खांब घेऊन ७५ सेंटीमीटर गाडा. जमीन गोठणाऱ्या प्रदेशात गोठणाऱ्या थराच्याही खाली जावे लागते. तळाशी १० ते १५ सेंटीमीटर खडी टाका, माती थराथराने ठोका आणि खांबाभोवती वरचा भाग बाहेरच्या दिशेने उतरता ठेवा. लाकडी खांब कुजतो तो जमिनीच्या पातळीवर, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. कोपऱ्यांचे खांब आधी उभे करून त्यांना तिरपे टेकू द्या, दोरी ताणा आणि मधले खांब दोरीला लावून ओळंब्यात आणा.

१०. गवत आणि झाडे

एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नका. गुडघ्याएवढे वाढलेले गवत काही दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा कापून खाली आणा. त्याआधी चालत जाऊन दगड, तारा आणि काटक्या वेचा. यंत्राच्या पात्याला लागलेला खडा डोळा घालवू शकतो. पाते साफ करण्यापूर्वी विजेची जोडणी, बॅटरी किंवा स्पार्क प्लगची तार काढून ठेवा.

जाड फांदी एकाच घावात वरून कापली तर ती खाली येताना खोडाची साल सोलून नेते. पहिला काप खोडापासून साधारण ३० सेंटीमीटरवर खालच्या बाजूने, जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत घ्या. दुसरा काप त्याच्या थोडा बाहेर वरून घ्या, म्हणजे फांदीचे वजन निघून जाते. उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या लगत बाहेरून कापा. ते कडे कापू नका, कारण जखम तिथूनच भरते, आणि कापलेल्या जागी रंग लावण्याची गरज नसते. डोक्यावरच्या जड फांद्या आणि वीजतारांजवळची झाडे अनुभवी माणसांसाठी सोडा.

झाडांभोवती पालापाचोळ्याचे ५ ते १० सेंटीमीटर आच्छादन घाला, पण खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. छाटलेला हिरवा कचरा आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट कोरडा पाला एकत्र करून मीटरभर लांब, रुंद आणि उंच ढीग घराच्या भिंतीपासून दूर रचला, तर त्याचे खत होते.

११. रंग

पहिल्या पावसानंतर प्लॅस्टिकचा तुकडा पुन्हा त्याच भिंतीवर लावून पाहा. मागची बाजू कोरडी निघाली तरच रंगाचा डबा उघडा. सिमेंटच्या नव्या गिलाव्याला साधारण चार आठवडे वाळू द्या. जुन्या घरातल्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तपासणी झाल्याशिवाय जुना रंग कोरडा घासू नका आणि लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवा. सुटे पापुद्रे ओले करून खरवडा, भेगा भरा, भिंत पुसून घ्या, अस्तर द्या आणि मग दोन हात द्या. छतापासून सुरुवात करून भिंती आणि शेवटी दारे-खिडक्या घ्या. पहिला हात पूर्ण वाळण्याआधी दिलेला दुसरा हात सुरकुततो.

उरलेला रंग लहान बरणीत घट्ट झाकून ठेवा. बरणीवर आणि घराच्या वहीत रंगाचा क्रमांक, खोली आणि तारीख लिहा, आणि त्याच पानावर त्या भिंतीबाहेर मोजलेला जमिनीचा उतारही नोंदवा.